अपडेट की पावसाळा? आधी तारखा जुळवा

तुमची पोस्ट वाचली: काणकोणचं होमस्टे, 2025 च्या जूनअखेरच्या गुगल अपडेटनंतर साइटवरच्या भेटी निम्म्यावर, आणि साइट सांभाळणारा एजन्सीवाला म्हणतो 'पेनल्टी (म्हणजे गुगलची शिक्षा) बसलीय, दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका साफ करून देतो'. राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या फोंड्याच्या मसाल्याच्या बागेच्या साइटवर हेच नाटक होऊन गेलंय. सर्च कन्सोल, म्हणजे गुगल शोधात आपली साइट किती दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, कसं उघडायचं ते सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला येतच असणार.

ते कोअर अपडेट, म्हणजे निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, 30 जूनला सुरू होऊन 17 जुलैला संपलं. आता त्या दिवसांत गोव्यात काय असतं? पाळोळ्याची कॉटेजेस उतरवलेली, शॅक बंद, समुद्र खवळलेला. तिथली खोली शोधणार कोण? मे महिन्याशी जुलै ताडलात तर साइट दरवर्षीच पडलेली दिसेल. म्हणून मागच्या वर्षीचे तेच आठवडे समोर ठेवा. कन्सोलात 16 महिन्यांचा डेटा असतो. त्यातही बघा, शोधच कमी झालेत की तुमचा क्रमांक घसरलाय. दुसऱ्यावरून चौथ्यावर आला असाल तर काही करू नका. चौथ्यावरून तिसाव्याच्या आसपास गेला असाल तर मात्र पानं उघडून प्रामाणिकपणे वाचा.

आता एजन्सी. आमचं मार्च 2024 चं प्रकरण. अपडेट 5 मार्चला सुरू झालं, संपायला 45 दिवस लागले. त्या चालू गोंधळातच आमच्या एजन्सीच्या लोकांनी थीम, म्हणजे साइटचं रूप, बदलली, पानांचे पत्ते बदलले, जुन्यावरून नव्यावर रिडायरेक्ट एकही नाही. वर लालभडक 'विषारी लिंकां'चा रिपोर्ट आणि त्याचं वेगळं बिल. गुगलच्या माणसांनी शिक्षा लावली तर ती जिथे दिसते, ते कन्सोलातलं मॅन्युअल ॲक्शनचं पान साफ कोरं होतं, म्हणजे ज्या पेनल्टीचे पैसे घेतले ती नव्हतीच! विचारलं की एकच उत्तर: 'अल्गोरिदम आहे, वेळ लागतो.' शेवटी भाच्याने वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगचं पान उघडलं. सर्च इंजिनांनी साइट इंडेक्स करू नये, म्हणजे शोधाच्या यादीत घेऊ नये, ही टिक तशीच! नवी थीम तपासताना लावलेली, काढायचं कुणाला सुचलंच नाही. अपडेटने किती पाडलं आणि या टिकमुळे किती, याचा हिशोब आता ब्रह्मदेवालाही लागायचा नाही.

सगळ्याच एजन्सी अशा असतात असं नाही, आणि मी काही या धंद्यातला नाही. पण माझं स्पष्ट मत: अपडेट चालू असताना साइटला हात लावू देऊ नका. संपल्यावर पुरा एक आठवडा जाऊ द्या आणि तो आठवडा अपडेटआधीच्या आठवड्याशी ताडा. नको त्या लिंका धरू नका असं गुगलला कळवायचं साधन, डिसअव्हाव, बहुतेक साइटना लागतच नाही, हे गुगलच सांगतं.

आणखी दोन गोष्टी. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गुगलच्या साधनात, भेटी पडल्यात पण कन्सोलात क्लिक तेवढेच आहेत, तर मोजणीचा कोडच तुटलाय का ते बघा. आणि सप्टेंबर 2025 च्या मध्यापासून फक्त इंप्रेशन (शोधात साइट किती वेळा दिसली तो आकडा) कोसळलेले दिसले तर घाबरू नका. गुगलने एका पानावर 100 निकाल दाखवायची सोय काढली, त्यामुळे यंत्रांनी केलेले पुष्कळ शोध मोजणीतून गेले. क्लिक जागच्या जागी असतील तर एजन्सीवाल्याला तो आलेख दाखवूसुद्धा नका, त्याचंही बिल लावेल.