पडेल तर कुठे पडेल?

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण त्या डोंगरात माझा एक जुना हिशेब बाकी आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. वय 44, काम दिवसभर खुर्चीतलं. न्यू मेक्सिकोच्या ड्रॉमध्ये (शिकारीच्या परवान्यांची सोडत) फ्लोरिडा माउंटन्सच्या आयबेक्ससाठी, म्हणजे तिथल्या रानबोकडासाठी, आठ वर्षं अर्ज भरत होतो, यंदा रायफलचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, लागला. हरणाची शिकार तीनदा केली आहे, पण सपाटीवर. मित्र म्हणतात लांब पल्ल्याची नवी रायफल घे. बायको म्हणते आधी पोट कमी कर. कोणाचं ऐकू? शिवाय, गाइड घ्यावा का?
— एक वाचक, फिनिक्स

उत्तर : बायकोचं ऐका.

अभिनंदन तर आहेच. न्यू मेक्सिकोत हुकलेल्या अर्जांचे पॉइंट साठवून पुढे नंबर लावायची सोय नाही, त्यामुळे तुमच्या आठ वर्षांच्या अर्जांना काडीचंही वजन नव्हतं. दर वर्षी पाटी कोरी. त्यात तुम्ही परराज्यातले. गाइडशी करार न करता अर्ज भरणाऱ्या बाहेरच्यांच्या वाट्याला 6 टक्के टॅग येतात. 84 टक्के राज्यातल्या रहिवाशांचे आणि 10 टक्के आउटफिटरबरोबर, म्हणजे शिकार घडवून आणणाऱ्या व्यावसायिकाबरोबर, जाणाऱ्यांचे. आणि कुठलाही आयबेक्स मारायची मुभा देणारा रायफलचा टॅग जन्मात एकदाच मिळतो. म्हणून घाई नको. पण आळस तर मुळीच नको.

आधी नावाचं. डोंगराजवळच्या डेमिंग गावातल्या माणसांसमोर 'फ्लॉरिडा' म्हणू नका, ते 'फ्लोरीदा' म्हणतात, जोर 'री'वर. स्पॅनिशमध्ये फुलांचा डोंगर. पाऊस बरा झाला तर वसंतात पायथ्याशी पिवळी-केशरी पॉपी फुलते. एरवी फुलाचं नाव घेऊ नये असाच तो डोंगर आहे. ओकोटियो, चोया, निवडुंग, कॅटक्लॉ. शेवटच्याच्या काट्याला आकड्यासारखा बाक असतो, तो बाही धरतो आणि सोडत नाही. चामड्याचे हातमोजे घ्या. महागडे नकोत, बागकामाचे चालतात.

तुमचा बोकड मूळचा इराणचा. इराणहून आणलेल्या जनावरांची इथे वाढलेली प्रजा 1970 साली या डोंगरात सोडली. शास्त्रीय भाषेत काप्रा एगाग्रस, म्हणजे आपल्या पाळीव शेळीचाच पूर्वज. पण शेळी म्हणून हलक्यात घेऊ नका. वाळवंटाच्या सपाटीतून एकदम उठलेला हा डोंगर आहे. डेमिंग साधारण 4,300 फुटांवर, आणि माथे सात हजारांच्या वर. उंचीने दम लागत नाही, दम लागतो तो घसाऱ्याने, म्हणजे सुट्या दगडांच्या उताराने. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. कातळ धरायला जावं तर हातात येतो.

आता माझा हिशेब. मला टॅग लागला तो अकराव्या अर्जाला. बरोबर जावई होते, त्यांना शिकारीत रस नाही, पण दुर्बिणीतून बघायला आवडतं, आणि मला तेवढंच हवं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला एक म्हातारा बोकड समोरच्या कड्यावरच्या अरुंद पट्टीवर येऊन उभा राहिला. खांद्यावरून उतरणारा काळा पट्टा, दाढी, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं. 310 यार्ड, थोडा खाली. मी तीन महिने याच्यासाठीच सराव केला होता. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली. तो दोन पावलं चालला आणि पट्टी संपली.

त्यानंतर बराच वेळ दगडांचा आवाज येत राहिला. जावई दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "आई, खाली कसं जायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वरून उतरायला वाट नाही. पूर्ण धार ओलांडून, रात्री गाडीशी येऊन, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घळीतून खालून चढलो. सकाळी दहाला पोचलो. डावं शिंग टोकापासून वीतभर तुटलेलं. मागचा एक पाय इतका चेचलेला की त्यातलं मांस टाकावं लागलं. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी होती म्हणून बाकीचं वाचलं. शिंगाचा तुकडा आम्ही दोन तास शोधला. ते डोकं आमच्या दिवाणखान्यात तसंच आहे, एक शिंग आखूड. पाहुणे विचारतात, मी सांगते.

तर तयारी कशाची, असं विचाराल तर याची. बंदूक खांद्याला लावायच्या आधी बरोबरच्या माणसाने मोठ्याने विचारायचं, "पडेल तर कुठे पडेल, आणि तिथे आपण कसे जाऊ?" दोन्हीचं उत्तर आलं नाही तर गोळी नाही. आयबेक्स कड्यावर उभा राहणारच, ते त्याचं घर आहे. पण तो दिवसभर तिथेच नसतो. चरायला धारेवर येतो, खोगिरासारख्या जागांतून पलीकडे जातो. थंडीत सकाळी ऊन पडलेल्या उतारावर बसलेला सापडतो. थांबा. मी थांबले नाही.

थांबायचं तर बघायची साधनं हवीत. मित्रांनी सांगितलेल्या रायफलीचे पैसे काचेत घाला. 10 बाय 42 ची चांगली दुर्बीण, आणि ती ट्रायपॉडवर बसवायचा स्क्रू. हातात धरलेल्या दुर्बिणीतून आपण डोंगर बघतो. ट्रायपॉडवरून बघितलं की कान हललेला दिसतो. जमल्यास 15 बाय 56 कोणाकडून उसनी आणा. एका जागी बसून दोन-तीन तास, डोंगराचे पट्टे पाडून, डावीकडून उजवीकडे. कंटाळा येतो. पाचशे यार्डांवरचा दगड अचानक उठून चालायला लागतो तेव्हा कळतं की आपण अर्धा तास त्याच्याकडेच बघत होतो. बुडाखाली फोमचा तुकडा विसरू नका, या डोंगरात न टोचणारी जागा नाही.

रायफल तुमच्याकडे आहे तीच चालेल. पॉइंट 270, पॉइंट 308, साडेसहा क्रीडमूर, काडतुसाचं माप काहीही असो. बोकड गव्याएवढा नाही. सराव मात्र बाकावरून नको. बसून, पिशवीवर टेकवून, धाप लागलेली असताना. पन्नास पावलं पळा, बसा, दहा सेकंदांत गोळी. आधी 200 यार्ड, मग 300. जिथे दहापैकी नऊ ताटाएवढ्या गोलात बसतात, ती तुमची हद्द. त्या दिवशी डोंगरात वारा असेल तर ती आणखी जवळ आणा. कोनाचंही लक्षात ठेवा : तीव्र वर किंवा खाली गोळी झाडताना गुरुत्वाकर्षणाला आडवं अंतर कळतं, तिरपं नाही. 400 यार्डांवरचा बोकड 30 अंश खाली असेल तर नेम साधारण 346 यार्डांचा धरायचा. बहुतेक नवे रेंजफाइंडर (अंतर मोजायची यंत्रं) हा हिशेब स्वतः करतात. तुमचा करतो का ते घरी तपासा, कड्यावर नाही.

आता पोट. चढण्याची भीती सगळ्यांना असते, मोडतात ते उतरताना. मांसाची पिशवी पाठीवर घेऊन घसाऱ्यावरून खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू थरथरायला लागला की पाय कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. तुमच्याकडे फिनिक्समध्येच कॅमलबॅक आणि पिएस्टेवा हे डोंगर आहेत. अतिउष्णतेच्या दिवशी दुपारी त्या वाटा बंद ठेवतात, आणि तुम्हीही अंधार असतानाच जा. पाठीवर पाण्याचे कॅन : सुरुवात 15 पौंडांनी, शेवटी 45. वर पोचल्यावर पाणी ओतून देऊन हलकं उतरायची युक्ती काही जण सांगतात, गुडघ्यांसाठी. दुखणाऱ्या गुडघ्याला ती ठीक आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा तरी वजन घेऊनच उतरा. बूट आत्ताच घ्या, कडक तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, आणि तेच घालून सराव करा.

डोंगरात पाणी मिळेल असं धरू नका. माणशी दिवसाला चार-पाच लिटर वाहून न्या, आणि बेसला गाडीत कॅन भरून ठेवा. ऑक्टोबरच्या उबेत साप बाहेर असतात. हात टेकण्याआधी बघा. पायथ्याशी खासगी जमिनी आहेत, आत शिरायला परवानगी लागते. वरचा बराचसा भाग केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याचा, तिथे गाडी ठरलेल्या रस्त्यावरच. नकाशाचं ॲप ऑफलाइन उतरवून घ्या. मेक्सिकोची सीमा जवळ आहे, बॉर्डर पेट्रोलच्या गाड्या दिसतील. हात करा, पुढे जा. आणि हो, ॲरिझोनाचं घड्याळ उन्हाळी वेळ पाळत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आधी जाणार असाल तर न्यू मेक्सिको तुमच्यापेक्षा एक तास पुढे. गोळीची कायदेशीर वेळ सूर्याच्या हिशेबाने मोजतात, तुमच्या मनगटाच्या नाही.

गाइड? फिनिक्सहून डेमिंग साधारण पाच तासांवर. शिकारीआधी तीन वीकेंड येऊन नुसतं बघणार असाल तर नको. रॉकहाउंड स्टेट पार्कला तंबू टाका. पार्क शेजारच्या लिटल फ्लोरिडा डोंगराच्या पश्चिम अंगाला आहे, बसल्या जागी कडे दिसतात. (तिथले दगड थोडे घरी न्यायला परवानगी आहे. सरकारी पार्क स्वतःहून दगड देतं, हे मला अजून गमतीचं वाटतं.) येणं जमणार नसेल तर गाइड घ्या, त्यात कमीपणा नाही. पण एकटे येऊ नका. तो प्रश्न विचारायला कोणीतरी लागतं.

आणि शिकार मिळो न मिळो, राज्याला हार्वेस्ट रिपोर्ट, म्हणजे शिकारीचा अहवाल, भरायचाच. न भरणाऱ्याला पुढच्या ड्रॉमध्ये जागा नाही.

प्रश्न : ताई, मी एच-1बी व्हिसावर लास क्रूसेसला आहे. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जायचं म्हटलं तर एकाने सांगितलं, व्हिसावाल्याने बंदुकीला हात लावला तरी गुन्हा. मग शिकारीचा अर्ज भरायचा कसा?
— लास क्रूसेसहून

उत्तर : तो एक अर्धं खरं सांगतोय. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, मित्राची बंदूक रेंजवर हातात घेतली तरी ती त्यात येऊ शकते. पण त्याच कायद्यात अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असेल तर मनाई लागू होत नाही. म्हणजे क्रम उलटा. आधी परवाना, मग बंदूक. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि घरातली काडतुसंही मोजली जातात. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसाच जातो. म्हणून हे छापील वाचून खरेदीला न जाता इमिग्रेशनच्या वकिलाला एक तास द्या.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला आयबेक्सचा टॅग लागलाय. तो शिंगांसाठी भिंत मोजतोय. मला सांगा, मांस खाण्यासारखं असतं का? की फ्रीझर उगाच भरायचा?
— एल पासोहून

उत्तर : खाण्यासारखं असतं, आणि खायचंच असतं. न्यू मेक्सिकोत खाण्याजोगं मांस रानात सोडून यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे फ्रीझर रिकामा करायला लागा. चव मटणाचीच, फक्त चरबी जवळजवळ नाही.

वास येतो म्हणतात तो मांसाचा नसतो, केसांचा असतो. माजावर आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर आणि पोटावर मुततो. कातडं काढताना ज्या हाताने केस धरले त्याच हाताने मांस धरलं की ताटात तोच वास. नवऱ्याला दोन जोड्या हातमोजे द्या आणि बजावा : कातड्याचे वेगळे, मांसाचे वेगळे. मांस लगेच कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचं, प्लॅस्टिकमध्ये कोंबायचं नाही.

म्हातारा बोकड असेल तर पायाचं मांस दही-आल्यात रात्रभर ठेवा आणि कुकरला आपल्या मटणापेक्षा दुप्पट वेळ द्या. पाठीच्या कण्याजवळच्या पट्ट्या मात्र कुकरला दाखवूही नका. जाड काप, तापलेला तवा, मीठ-मिरी. त्या त्याने एकट्याने खाऊ नयेत म्हणून तुम्ही तव्याजवळच उभ्या राहा.