हिंदूंचा काळ गोल आणि ज्यू-ख्रिस्ती-मुसलमानांचा सरळ, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की हिंदू धर्मात काळ चाकासारखा फिरतो आणि ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम या धर्मांत तो सरळ पुढे जातो, ही विभागणी बरोबर का. मला ती अर्धीच पटते. का, ते माझ्या साठीशांतीवरून सांगतो.

माझा जन्म शके 1887, आश्विन, विश्वावसु संवत्सर. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं, की पुन्हा प्रभव. म्हणजे साठ पुरी झाली की जन्माचं संवत्सर परत येतं. 2025 च्या आश्विनात अलिबागच्या घरी पाटावर बसलो होतो. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटीतून ताम्हनात ठिबकत होतं आणि गुरुजी संकल्प सांगत होते: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे... लहानपणापासून दर पूजेला कानावर पडलेले शब्द, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकले. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षांचा. एकटं कलियुग 4,32,000 वर्षांचं, आणि आपण अजून त्याच्या पहिल्याच चरणात! मग आलं, ‘शालिवाहन शके 1947, विश्वावसुनाम संवत्सरे’. नाव माझ्या जन्माचंच. आकडा मात्र साठाने पुढे गेलेला, आणि 1887 काही परत यायचं नाही. चाक आणि रेघ, दोन्ही एकाच संकल्पात.

आता दुसरी बाजू. आमच्या गावात इस्रायल आळी आहे, जुन्या सिनेगॉगसकट, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासकट. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचं वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजतात, म्हणजे अगदी सरळ रेघ. पण तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ वर्षभर क्रमाने वाचतात, आणि सिम्हाथ तोरा या सणाला शेवट वाचून झाला की त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात. वल्हांडण हा मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा सण; त्याला तर प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून सुटलो असं समजायचं. याला नुसती रेघ कसं म्हणू?

खरा फरक आहे तो शेवटाचा. आपल्याकडे प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आहे. तिकडे न्यायाचा दिवस एकदाच. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात चक्राची कल्पना याच मुद्द्यावर खोडली: ख्रिस्त आपल्या पापांसाठी एकदाच मेला. हा भेद मोठा आहे, तो पुसू नये.

साठीला शाळेतल्या बेने इस्रायल मित्राचा इस्रायलहून फोन आला. त्या वर्षी आपली घटस्थापना आणि त्यांच्या 5786 या नव्या वर्षाची पहिली संध्याकाळ एकाच दिवशी, 22 सप्टेंबरला आली होती. दोघांचेही महिने अमावास्येनंतर सुरू होतात, आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्याकडेही दर 19 वर्षांत सात वेळा जादा महिना असतो. त्यामुळे दर 19 वर्षांनी त्याचा हिब्रू वाढदिवस बहुतेक इंग्रजी तारखेवरच येतो. सत्तावन्नाव्या वर्षी असा आला होता. पुढचा शहात्तराव्याला. ‘तेव्हा मी अलिबागला येतो,’ म्हणाला.