आधी ॲकॉर्डियनचं कुलूप काढा, मग करिअरचं बोलू

नमस्कार. तुमची मुलगी 16 वर्षांची आहे, लहानपणापासून पियानो ॲकॉर्डियन (उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या असलेलं ॲकॉर्डियन) वाजवतेय, तिला वेस्टर्न क्लासिकलमधली सोलोइस्ट, म्हणजे एकटीने कार्यक्रम करणारी वादक व्हायचंय आणि तुम्ही विचारताय की तिला पियानोकडे कसं वळवू. पण पत्रात मधेच तुम्ही सहज लिहून गेलात की मार्क घसरले म्हणून दोन महिने ॲकॉर्डियन कपाटात कुलूपबंद आहे. मला मार्कांची काळजी नाही वाटली, या कुलपाची वाटली. लांब सूर चालू असताना भात्याची दिशा बदलायची आणि ऐकणाऱ्याला ते कळूही द्यायचं नाही, हे सगळं डाव्या हाताच्या ताब्यावर असतं आणि तो ताबा रोज वाजवल्याशिवाय राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जे तिला जिवापाड आवडतं ते बाबा कधीही काढून घेऊ शकतात हे तिला आता पक्कं कळलंय. अशी मुलं अभ्यासाला लागत नाहीत हो, घरात बोलायची बंद होतात. कुलूप आजच काढा.

आता तुमचा गैरसमज. "हे नाचगाण्याचं वाद्य, यात क्लासिकल काही नसतं" असं तुम्ही लिहिलंय, ते चूक आहे. कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश ॲकॅडमी या संगीत महाविद्यालयात ॲकॉर्डियनवादक मोगेन्स एलेगार्ड यांनी 1970 च्या दशकातच ॲकॉर्डियनचे सोलोइस्ट घडवायला घेतले, हेलसिंकीच्या सिबेलियस ॲकॅडमीत आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्येही हे वाद्य रीतसर शिकवतात. रशियन संगीतकार सोफिया गुबायदुलिनांनी 1978 मध्ये 'दे प्रोफुंडिस' लिहिलं ते एकट्या बायानसाठी, म्हणजे रशियन बटण ॲकॉर्डियनसाठी, आणि 1995 मध्ये इटालियन संगीतकार बेरिओंनी आपल्या सेक्वेन्झा या एकल वादनाच्या मालिकेतली तेरावी रचना ॲकॉर्डियनला दिली.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तुम्ही विचारलीच नाहीत. तिच्या वाद्यात फ्री बास, म्हणजे डाव्या हाताच्या प्रत्येक बटणाला एकच सुटा सूर देणारी रचना, आहे का? साध्या ॲकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बरीचशी बटणं तयार कॉर्डची असतात, एक दाबलं की तीन सूर एकदम वाजतात, त्यावर बाखचा फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक स्वतंत्र सुरावटींत गुंफलेली रचना, जसाच्या तसा कसा वाजवणार? तिथे डाव्या हाताला सुटा सूर लागतो. मोठ्या म्युझिक कॉलेजच्या ऑडिशनला हेच बघतात. फ्री बासचं कॉन्सर्ट वाद्य महाग असतं आणि 15 किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे खर्चाचा आणि पाठीचा विचार आत्ताच करा. ग्रेडच्या परीक्षा देत असेल तर देऊ दे, त्याने बिघडत काही नाही.

नुसत्या सोलो कार्यक्रमांवर घर चालवणारे फार थोडे, बाकीचे शिकवतात, चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं एकत्र वादन) करतात, नव्या संगीताच्या ग्रुपमध्ये वाजवतात, हे तिला स्पष्ट सांगा. पण पियानो सेफ आहे हे डोक्यातून काढा, पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलांच्या गर्दीत तिला सोळाव्या वर्षी नव्याने उभं करून काय मिळवणार?

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. सध्या काय वाजवते, डाव्या हाताला कुठली सिस्टिम आहे ते कळवायचं आणि एका बैठकीत न थांबता वाजवलेलं रेकॉर्डिंग पाठवायचं. तुम्ही आधी ऐकून निवडू नका, तिला हवं ते पाठवू दे.