आधी पाणी विचार

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद.

जेम्सटाऊन या अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतीवरचा तुझा खर्डा परवा मिळाला, दोन बैठकांत वाचून काढला. मेहनत दिसते. पण पहिली तीन पानं राजा, सनद आणि जहाजं यांतच गेली. माणसं काठावर उतरून काय प्याली, याचा पत्ताच नाही. मी खाडीकाठच्या गावात वाढलो. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी लोक विचारायचे, विहिरीचं पाणी गोडं की मचूळ? तूही तिथूनच सुरुवात कर.

मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि पोरं व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठी उतरली. जागा निवडली ती जहाज काठालाच बांधता यावं आणि स्पॅनिश आरमारापासून आडोसा मिळावा म्हणून. गोड्या पाण्याचं कुणी पाहिलं नाही. गढीत विहीर खणायला दीडेक वर्षाच्या वर गेलं, तोवर नदीच. त्यांच्यातलाच जॉर्ज पर्सी लिहून गेलाय की भरतीला पाणी फार खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. तू तिथे ‘क्षारयुक्त जल’ लिहिलंयस. अगं, मचूळ लिही! वाचकाच्या जिभेवर चव आली पाहिजे.

याच पर्सीने ऑगस्टमधल्या मृत्यूंची तारीखवार नोंद ठेवली आहे. सहाला एक जण रक्ती आवेने गेला, नऊला एक सुजेने, दहाला एक स्थानिकांशी झालेल्या चकमकीतल्या जखमेने. ती नोंद तशीच दे, वर विशेषणं नकोत. फक्त ‘सूज’ या शब्दापाशी जरा थांब. ती मचूळ पाण्यातल्या मिठाची असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. वर्षभरात अडतीसेक जण उरले.

जेवणाचंही तसंच. पाच माणसांत दिवसाला लहानसं भांडंभर शिजवलेले जव. धान्य सव्वीस आठवडे जहाजाच्या पोटात उकडून निघालेलं, त्यात दाणे तितकेच किडे, असं वसाहतीतला एक पुढारी जॉन स्मिथ म्हणतो. स्मिथला स्वतःची टिमकी वाजवायची सवय होती, म्हणून त्याच्या शौर्यकथा निम्म्याने कमी कर. पण किड्यांबद्दल खोटं बोलून त्याला काय मिळणार? तिथे विश्वास ठेव. त्याने पहिल्या मंडळींची यादीही दिली आहे: चार सुतार, एक न्हावी, एक शिंपी, एक ढोलवाला, आणि जवळपास निम्मे ‘जंटलमन’. कुदळ कोण धरणार होतं, ते यादीच सांगते.

‘वसाहतवाल्यांनी मका मिळवला’ हे तुझं वाक्य मला खटकलं. मिळवला कुणाकडून? पेरणी, खुरपणी, कापणी सगळं तिथल्या मूळच्या पावहाटन लोकांच्या बायका करत. त्या सप्टेंबरात त्यांच्याच माणसांनी भाकरी, मका, मासे आणून दिले म्हणून हे तगले. पर्सी त्यांना हाडवैरी म्हणतो आणि त्याच वाक्यात देवाचे आभार मानतो. शिवाय तिथल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वलयं सांगतात की १६०६ ते १६१२ मोठा दुष्काळ होता. म्हणजे मागायला आलेल्याची आणि देणाऱ्याची, दोघांचीही कणगी रिकामी. पुढच्या लढायांना हीही पार्श्वभूमी आहे, ती गाळू नकोस.

१६०९-१० च्या उपासमारीने लेख उघडायचा मोह तुला होईल, सगळ्यांनाच होतो. २०१२ मध्ये उत्खननात सापडलेली चौदाएक वर्षांच्या मुलीची कवटी, तिच्यावरच्या सुरीच्या खुणा, म्हणजे भुकेल्यांनी प्रेत खाल्ल्याचा पुरावा. लिही जरूर, पण क्रमाने, आणि चार ओळींत. आपल्या वाचकासाठी एक धागाही जोडता येईल: ही वसाहत काढणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा लंडनमधला खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १६०८ मध्ये सुरतेला लागलं. एवढंच पुरे, नाहीतर लेख सुरतेलाच जाऊन बसेल.

खरा ऐवज मात्र तू तळटीपेत टाकलायस. अ‍ॅन बरस. १६०८ मध्ये आलेल्या पहिल्या दोन इंग्रज बायकांपैकी एक, दुसरीची मोलकरीण. तिथेच वसाहतीतल्या जॉन लेडनशी तिचं लग्न झालं. पुढे कडक लष्करी अंमल आला तेव्हा बायकांना सदरे शिवायचं काम लावलं. काम पुरं नाही तर शिधा बंद. दिलेला दोरा कुजका, सुईत टिकेना. काहींनी घरचा दोरा वापरला. अ‍ॅनने आणि आणखी एकदोघींनी सदऱ्याच्या खालच्या कडेचा धागा उसवून त्यानेच शिवण पुरी केली. साहजिकच त्यांचे सदरे इतरांपेक्षा आखूड भरले. त्याबद्दल त्यांना फटके मारले. अ‍ॅन गरोदर होती, त्याच रात्री तिचा गर्भ गेला. हे सगळं पुढे कोर्टातल्या साक्षीत आलं म्हणून आपल्याला कळतं. घरात शिवणयंत्र असेल तर एक जुना सदरा घे, कड उसव, किती दोरा निघतो आणि सदरा किती आखडतो ते बघ. मग लिहायला बस.

आणि तिला फटक्यांपाशी सोडून देऊ नकोस. १६२५ च्या शिरगणतीत ती नवऱ्यासोबत आहे, पदरात चार मुली: व्हर्जिनिया, अ‍ॅलिस, कॅथरीन, मार्गारेट.

दुसरा खर्डा दिवाळीच्या आत पाठव. हाताने लिहिलेला असला तरी चालेल, फक्त अक्षर जरा मोठं काढ.