शिखर स्पष्ट, खड्डा कोरडा? आधी वेग तपासा

जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपची गळती शोधायला दोन टोकांना दोन सेन्सर, क्रॉस-कोरिलेशनला (दोन्हीकडचे आवाज एकमेकांवर सरकवून ते कुठे जुळतात ते बघणं) टोकदार शिखर, आणि तिथे खोदलं तर माती कोरडी. तुमची ही पोस्ट वाचून जुना ताप आठवला. आता कुठला फिल्टर लावू की न्यूरल नेटवर्कच शिकवू, असं तुम्ही विचारताय. माझं मत: इतक्यात दोन्ही नको. शिखर स्वच्छ येतंय, म्हणजे विलंब (गळतीचा आवाज दोन सेन्सरना पोचण्याच्या वेळांतला फरक) बहुधा नीट मोजला जातोय. गडबड तुम्ही धरलेल्या, पाइपमधून आवाज जाण्याच्या वेगात असावी.

आमच्या वेळी पाइपांच्या नोंदी ज्या कार्यालयात होत्या, तिथून ‘सगळी लाइन बिडाची’ असं ठासून सांगितलं गेलं. मधला तुकडा काढून पीव्हीसी टाकल्याची नोंद त्यांच्याच दप्तरात पडून होती. ती बघू द्या म्हणून अर्ज केला, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. पाइपच्या नकाशात कसली आलीय गुप्तता! खड्डे मात्र आमच्या माथी.

एक तुकडा किती घोळ घालतो बघा. बिडात आवाज सेकंदाला साधारण 1200 मीटर जातो, पीव्हीसीत 400 च्या आसपास (व्यास आणि जाडीनुसार कमीजास्त). सेन्सरमधलं अंतर 100 मीटर, गळती पहिल्यापासून 30 मीटरवर, आणि दुसऱ्या बाजूला 20 मीटर पीव्हीसी. त्या तुकड्यात आवाजाला सुमारे 17 ऐवजी 50 मिलिसेकंद लागतात. सूत्रात (अंतरातून वेग गुणिले विलंब वजा करून निम्मं, म्हणजे पहिल्या सेन्सरपासूनची जागा) सरसकट 1200 घातलं की गळती 10 मीटरवर दिसते. 20 मीटरची चूक, आणि शिखर तसंच देखणं!

म्हणून वेग पुस्तकातून उचलू नका, मोजा. दोन्ही सेन्सरच्या पलीकडचा, त्याच लाइनवरचा एखादा नळ थोडा उघडा. त्याचा आवाज आधी एका आणि मग दुसऱ्या सेन्सरला पोचतो. अंतर भागिले विलंब म्हणजे सरासरी वेग. वरच्या लाइनवर 83 मिलिसेकंद यायला हवेत तिथे 117 आले, तर मध्ये बहुधा प्लास्टिक आहे. कुठे आहे ते मात्र यातून कळत नाही. त्यासाठी सेन्सर सरकवून तुकड्यातुकड्याने मोजावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण खोदण्यापेक्षा बरं.

शिखर बरोबर शून्य विलंबावर, म्हणजे ऐन मध्यावर येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. दोन्ही केबलमध्ये शिरलेली 50 हर्ट्झची विजेची गुणगुण असू शकते. आणि बिडासाठी ठेवलेला हाय-पास फिल्टर (खालच्या पट्टीतले आवाज कापणारा) प्लास्टिकवर तसाच चालवू नका. तिथे कामाचा आवाज बहुतेक 200 हर्ट्झच्या खालीच उरतो, तोच कापला जाईल.

मी या धंद्यातला नाही, हौशी माणूस आहे. पुन्हा खोदण्याआधी जमिनीखालच्या वीजवाहिन्यांची खात्री करून घ्या. नळ उघडून आलेला विलंब आणि सेन्सरमधलं प्रत्यक्ष टेपने मोजलेलं अंतर इथे टाका, मग पुढचं बघू.