वाचकांचे प्रश्न : खाणवस्तीतील विधवेचा सूड

प्रश्न : आमच्या खाणवस्तीत रात्रीच्या गप्पांमध्ये एका कोळसा कामगाराच्या विधवेची गोष्ट हमखास निघते. कुणी म्हणते, तिने नवऱ्याच्या मारेकऱ्याला संपवले. कुणी म्हणते, रोज पोतेभर कोळसा पळवून तिने खाणीलाच शिक्षा केली. गाव आणि साल मात्र कुणीच सांगत नाही. अशी बाई खरोखर होऊन गेली का?
— एक वाचक, घुग्घुस (जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या वस्तीतल्या गोष्टीचे मूळ मी सांगू शकणार नाही, पण तिच्या दोन्ही रूपांशी जुळणाऱ्या दोन बायका अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात होऊन गेल्या. पहिलीचे नाव सॅली चेंबर्स. मारेकऱ्यासमोर ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात फक्त छत्री होती.

त्या काळी तिथे कामगाराचे घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि पुष्कळदा मजुरीही त्याच दुकानात चालणाऱ्या कंपनीच्या टोकनांत मिळे. युनियनमध्ये नाव घातले की बिऱ्हाड रस्त्यावर आलेच म्हणून समजावे. १९ मे १९२० रोजी मेटवान गावात अशीच काही कुटुंबे घराबाहेर काढून बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेची माणसे परतीच्या गाडीसाठी निघाली असता गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड याने त्यांना अडवले. गोळीबारात दहा जण मेले : संस्थेची सात माणसे, गावचा महापौर आणि दोन खाणकामगार. मेलेल्या सातांमध्ये संस्थेचा एक प्रमुख टॉम फेल्ट्स याचे दोन भाऊ होते. पुढच्या वर्षी ज्यूरीने हॅटफिल्ड आणि त्याच्या साथीदारांना निर्दोष सोडले, आणि टॉम फेल्ट्सच्या मनातली आग तशीच धुमसत राहिली.

हॅटफिल्ड आणि त्याचा तरुण मित्र, म्हणजे सॅलीचा नवरा, एड चेंबर्स यांच्यावर मग दुसऱ्या एका खाणवस्तीतील हल्ल्याचा आरोप ठेवून त्यांना वेल्च गावच्या न्यायालयात बोलावण्यात आले. १ ऑगस्ट १९२१ रोजी दोघे आपापल्या बायकांसह, हत्यार न घेता, न्यायालयाच्या पायऱ्या चढत असताना वर दबा धरून बसलेल्या संस्थेच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. हॅटफिल्ड जागीच गेला. एड पायऱ्यांवरून खाली कोसळला, आणि सॅली गयावया करत असताना चार्ल्स लाइव्हली नावाचा इसम खाली उतरून आला व त्याने एडच्या डोक्यात आणखी एक गोळी घातली. सॅलीने त्याला हातातल्या छत्रीने मारले. हा लाइव्हली तिला अनोळखी नव्हता. त्याने मेटवानमध्ये खाणावळ चालवली होती, युनियनचा माणूस म्हणून तो सगळ्यांत मिसळला होता, आणि प्रत्यक्षात मालकांचा खबऱ्या होता. ज्याच्या हातचे जेवले, त्याच्याच हातून मरण आले, असे त्या गावातल्या लोकांना वाटले असेल तर नवल नाही.

सॅलीने पुढे केले ते एवढेच, आणि माझ्या मते ते थोडे नव्हते : खाणपट्ट्यातील अशांततेची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) समितीपुढे जाऊन तिने त्याच वर्षी शपथेवर सगळी हकिकत सांगितली. आपल्या माणसांकडे बंदुका नव्हत्या, हेही तिने ठासून सांगितले. मारेकऱ्यांनी मात्र स्वसंरक्षणाचा बचाव घेतला आणि त्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही. म्हणजे या प्रकरणात सूड कुणाचा पुरा झाला असेल, तर तो विधवेचा नव्हे, टॉम फेल्ट्सचा. त्याच्या पदरी पगारी बंदूकधारी होते. वेल्चच्या हत्येने पेटलेले सुमारे दहा हजार कामगार ऑगस्टअखेर त्याच राज्यातील ब्लेअर माउंटन या डोंगराकडे शस्त्रे घेऊन निघाले खरे, पण केंद्राचे सैन्य आल्यावर ते पांगले, आणि तिथल्या युनियनला डोके वर काढायला १९३३ साल उजाडावे लागले.

आता पोत्याची गोष्ट. ६ डिसेंबर १९०७ रोजी त्याच राज्यातील मोनोंगा येथील खाणीत स्फोट होऊन अधिकृत आकड्यानुसार ३६२ माणसे मेली. त्यांत इटलीहून आलेले कामगार पुष्कळ होते. कॅटरिना डाव्हिया या विधवेला नवऱ्याचा देह मिळालाच नाही. ती रोज खाणीवर जाई, पोतेभर कोळसा आणून घराशेजारी ओती, आणि हा क्रम तिने २९ वर्षे चालवला, असे सांगतात. त्यातला एक तुकडाही ती चुलीत घालत नसे. याला काही जण सूड म्हणतात, पण मला ते पटत नाही, कारण मुलाने विचारले तेव्हा तिने दिलेले उत्तर वेगळे होते : तुझ्या बापाच्या अंगावरचा भार तेवढाच हलका करते आहे.