सर्व्हर हलला, नावं तुटली

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत संगणकाचं काम पाहणाऱ्या वाचकांनी जुन्या सर्व्हर रूममधून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर, जाण्याबद्दल विचारलेले हे काही प्रश्न.

आमची सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे. क्लाउडवर गेलो की पुराची चिंता मिटेल का? – एक वाचक, कोल्हापूर

डेटाची मिटेल, कामाची नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. अशा दिवसांत क्लाउडवरची डिस्क मुंबईत किंवा पुण्यात कोरडी राहील, पण तुमच्या खिडकीवरचा लिपिक तिथवर पोहोचणार कसा? म्हणून दोन लाइन घ्या. एक महास्वॅनची (राज्य सरकारच्या जाळ्याची) असेल तर दुसरी वेगळ्या कंपनीची आणि मुख्य म्हणजे वेगळ्या रस्त्याने आलेली. बिलं दोन कंपन्यांची आणि केबल मात्र एकाच खांबावरून, असं सर्रास असतं. महिन्यातून एकदा पहिल्या लाइनची केबल हाताने काढा आणि काम दुसरीवर किती वेळात येतं ते घड्याळ लावून बघा.

आणखी एक. वर्षानुवर्षं न थांबता चाललेला सर्व्हर बंद केला की त्याची डिस्क परत फिरेलच असं नाही. रेड-५ (अनेक डिस्कवर डेटा वाटून, एक गेली तरी काम चालू ठेवणारी मांडणी) असेल तर एक डिस्क बदलून नवीवर डेटा भरला जात असतानाच, त्या ताणाने, तितकीच म्हातारी दुसरी डिस्क जाऊ शकते आणि मग सगळंच जातं. त्यामुळे सर्व्हरला हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरायचा नाही.

चाचणीसाठी डेटा नव्या डेटाबेसवर चढवला. काही नोंदी गायब आहेत, काही नावं शोधून सापडत नाहीत आणि जुन्या वर्षांच्या नोंदींत नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. – संगणक विभागातील एक वाचक, गडहिंग्लज परिसर

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

इंग्रजी अक्षरं दिसतात तो मजकूर डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असतो. तिथे डेटाबेसमध्ये मराठी कधी नव्हतीच. होती ती इंग्रजी चिन्हं, फॉन्टने फक्त त्यांना मराठी चेहरा दिला होता. ती आधी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या समान संकेतांत) बदलावी लागतात. कन्व्हर्टर चुकतो तो ऱ्हस्व वेलांटी आणि रफारापाशी. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर; रफाराचं नेमकं उलट. तेव्हा तपासणीला ‘पाटील’ घेऊन उपयोग नाही. ‘शिर्के’, ‘निर्मला’, ‘कीर्ती’ अशी नावं काढा. फॉन्टही एक नसतो, मधल्या काळात बदललेला असतो, म्हणून प्रत्येक वर्षातल्या निदान शंभर नोंदी डोळ्यांनी वाचा.

गायब नोंदी बहुधा रकान्याच्या लांबीमुळे. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र : १० चिन्हं, ३० बाइट. ‘ज्ञानेश्वर पांडुरंग’ ५५ बाइटांवर जातं. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकाना नुसता ५० लांबीचा केला असेल तर ते सहसा ५० बाइट धरले जातात. नोंद नाकारली जाते आणि बॅड फाइलमध्ये (नाकारलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये) जाऊन पडते. ती फाइल कोणी उघडतच नाही. रकाना ‘५० कॅरॅक्टर’ असा करा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये लांबी चिन्हांवरच मोजतात, तिथे कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा.

न सापडणारी नावं बघा : त्यांत ‘कुऱ्हाडे’, ‘कऱ्हाड’ असतील. हा ऱ्य-ऱ्ह मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. सगळीकडे एकच रूप करून घ्या आणि नव्या फॉर्मवरही तीच चाळणी लावा.

शेवटी नोंदींची संख्या जुळली म्हणून थांबू नका. घरफाळ्याचा (मालमत्ता कराचा) डेटा असेल तर प्रभागवार मागणी, वसुली आणि थकबाकीची बेरीज दोन्हीकडे काढा. पैशापर्यंत जुळली पाहिजे.

कोणत्याही कंपनीचं क्लाउड घेतलं तर चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचीबद्ध केलेल्या आणि त्याच मंत्रालयाच्या एसटीक्यूसी या संस्थेची तपासणी झालेल्या सेवांतून निवडा, किंवा एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या मेघराज या सरकारी क्लाउडवर जा. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होते. करारात डेटा भारतातच राहील हे हवं, आणि सोडून जाताना तो कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल हेही हवं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. ते कोण करणार, तुम्ही की कंपनी, हे नावानिशी लिहून घ्या.

व्हीबीतला (व्हिज्युअल बेसिकमधला) जुना काउंटर प्रोग्राम तसाच ठेवून फक्त डेटाबेस क्लाउडवर नेला. फॉर्म उघडायला चहा पिऊन यावं लागतं! लाइन वाढवू का? – एक वाचक, राधानगरी तालुका

लाइन वाढवून फरक पडणार नाही. असा प्रोग्राम एक फॉर्म भरताना डेटाबेसला दोनशे प्रश्न एकामागून एक विचारतो. ऑफिसच्या आत एका हेलपाट्याला १ मिलिसेकंद, म्हणजे दोनशेंचे ०.२ सेकंद. बाहेर तोच २५ मिलिसेकंद झाला की ५ सेकंद. रस्ता रुंद केला तरी हेलपाटे तेवढेच. प्रोग्रामही डेटाबेसशेजारी क्लाउडवरच ठेवा आणि काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपने (क्लाउडवरच्या संगणकाचा पडदा इथे दाखवणाऱ्या सोयीने) चालवा. हा तात्पुरता इलाज. ब्राउझरवर चालणारी आवृत्ती लिहावीच लागेल.

प्रत्यक्ष बदलाच्या रात्री काय विसरलं जातं? – एक वाचक, कागल

दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ८६,४०० वरून ३०० सेकंदांवर आणा, नाहीतर काही नागरिक दिवसभर जुन्याच सर्व्हरवर जात राहतील. पेमेंट गेटवे आणि एसएमएसवाल्यांकडे तुमचा जुना आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) नोंदलेला असतो; नव्याची मंजुरी यायला आठवडा-दोन आठवडे धरा. दाखल्यांवर सही करणारी डीएससीची (डिजिटल सहीची) यूएसबी टोकन सर्व्हरच्या मागे खोचलेली आहे का, वाकून बघा. क्लाउडला ती खोचायला जागा नाही. सही अधिकाऱ्याच्या संगणकावर किंवा एचएसएमवर (सहीची किल्ली सांभाळणाऱ्या खास उपकरणावर) न्यावी लागते.

आणि घड्याळ. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतात, आपल्या साडेपाच तास मागे. ते तसंच राहिलं तर १ एप्रिलला पहाटे साडेपाचच्या आत भरलेल्या घरफाळ्याच्या पावतीवर ३१ मार्च पडते आणि रक्कम गेल्या आर्थिक वर्षात जमा होते. बँकेच्या यादीत तीच १ एप्रिलला दिसते, आणि कॅशबुक जुळवणारा आठवडाभर डोकं धरून बसतो.